सायबाची खांदमळणी

माझ्या सासऱ्यांना ट्रॅक्टर थांबवायचा असला, की ते आधी तोंडानं "हो… हो… हो" म्हणायचे आणि मग ब्रेकवर पाय द्यायचे. ट्रॅक्टर जुना, ब्रेक त्याहून जुने, तेव्हा दोन्ही उपायांचा गुण सारखाच यायचा. ट्रॅक्टर आपल्या मनानं, आपल्या सवडीनं थांबायचा. पण मामंजींची (सासऱ्यांना आम्ही मामंजीच म्हणायचो) पक्की खात्री होती की तो त्यांच्या शब्दाखातर थांबला. "बघ सुनबाई, ऐकतंय का न्हाय?" असं म्हणत ते खाली उतरायचे आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्या बोनेटवर थाप मारायचे. उन्हात तापलेलं बोनेट हाताला चटका द्यायचं. मामंजी हात झटकायचे आणि म्हणायचे, "तापट हाय, पर मनानं चांगलं हाय."

तो ट्रॅक्टर विलायती होता, म्हणून मामंजींनी त्याचं नाव ठेवलं सायब. तो आमच्या घरात कसा आला ते सांगते. आमचं गाव ढोकीच्या पलीकडं, तेरणेच्या काठाला. त्या वर्षांत गाव जागचं हललं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. आधी निजामाचं होतं, मग हैदराबादचं झालं, मग मुंबईचं, मग महाराष्ट्र झाला. मामंजी म्हणायचे, "बसल्या जागी इतका परवास कुणाला घडलाय?" या प्रवासात शेजारच्या गावच्या एका जागीरदारांची जागीर गेली. ते हैदराबादला निघून गेले आणि त्यांचा ट्रॅक्टर चिंचेखाली कोंबड्यांच्या ताब्यात राहिला. मामंजींनी कोंबड्या हुसकावून तो घरी आणला, आणि त्यापायी दावणीचे सगळे बैल विकून टाकले.

इथं त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट येते. आम्ही त्यांना धाकटे मामंजी म्हणायचो. घरं वेगळी झाली होती, रानं बांधाला बांध लागून होती. दोघा भावांचं बोलणं काही बंद नव्हतं. बंद असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या. तर बैल विकल्याची बातमी लागताच धाकटे मामंजी भर पारावर म्हणाले, "दादा, एक जोडी तरी ठेवायची. पेरणीला तुमचं डबडं रुसलं म्हंजी याल माझ्याच दारात बैल मागायला."

मामंजींनी तिथल्या तिथं उत्तर दिलं, "तुझ्या दारात बैल मागायला आलो, तर हा डोक्यावरचा फेटा तुझ्या उंबऱ्यावर उतरून ठेवीन."

सारा पार ऐकत होता. आमच्याकडं पारावर बोललेलं वाऱ्यावर जात नाही. लोक ते जपून ठेवतात, आणि ज्याचं त्याला वेळ बघून परत करतात. त्या दिवसापासून मामंजींचा फेटा सायबाच्या चार चाकांवर उभा राहिला, आणि त्यातली पुढची दोन चाकं आधीच डुगडुगत होती.

डुगडुगत होती हे मी म्हणत नाही, लतीफ मिस्त्री म्हणाला होता. लतीफ ढोकीचा. पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करायचा, म्हणजे दुसऱ्याला तसदी नको. सायब आला त्याच आठवड्यात त्यानं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. "पाटील, हे चाक न्हाय जी, पाळना हाय. आतलं बेरिंग खाल्लंय, सील तर नावाला बी ऱ्हायलं न्हाय. हब खोलू द्या मला."

मामंजी म्हणाले, "नव्या जागी आलंय, बुजलंय. ऱ्हाईल हळूहळू."

आता मला ठाऊक आहे की चाकाच्या मधला लोखंडी गाभा म्हणजे हब. त्यात छर्ऱ्यांचं बेरिंग बसतं, त्यावर चाक फिरतं. बाहेरून पत्र्याची टोपी असते, आणि आतल्या अंगानं पाणी-माती शिरू नये म्हणून नरम कडं असतं, त्याला सील म्हणतात. तेव्हा हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही हे मामंजींना तर त्याहून ठाऊक नव्हतं. त्यांना बैल ठाऊक होता. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणून सोमवारी सायबाला सुट्टी. दुपारी बैल सावलीला बांधायचा, म्हणून दुपारी सायब लिंबाखाली. थंडीत त्याच्या पाठीवर गोणपाट पडायचं. एवढे लाड माझे कधी झाले नाहीत, हे मी आपलं सहज सांगते.

मग पोळा आला. दावण रिकामी, असा पोळा त्या घरानं कधी बघितला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "मातीचे बैल पुजू, झालं." मामंजींनी तसं केलं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती. पण ते म्हणाले, "राबणाऱ्याचा सण हाय. राबतंय कोण? सायब. मग त्याचा सण का चुकवायचा?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू घासून घासून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो, तो कोमट पाण्यानं शेकायचा, लोणी-हळद लावून चोळायचा, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. आवतणाची अडचण नव्हती. सायबाच्या दोन दिव्यांपैकी जो शाबूत होता त्यालाच कान मानून मामंजींनी त्यात आवतण सांगितलं. अडचण खांद्याची होती. ते सायबाभोवती कितीतरी वेळ फिरले, वाकून बघितलं, टेकून बघितलं. शेवटी पुढच्या चाकाशी बसले. "वजन हितं पेलतंय. घासतंय बी हितंच. ह्योच खांदा." आणि हबची टोपी त्यांनी पान्यानं ठोकून काढली. आत काळं ग्रीस होतं. "किती घाण साठलीय बघ, बिचाऱ्याच्या!" म्हणत त्यांनी ते चिंधीनं अगदी निपटून काढलं, आणि त्या जागी आत्याबाईंनी सकाळीच घुसळून काढलेल्या लोण्याचा गोळा हळदीत मळून भरला. मग दुसऱ्या चाकाचा खांदा. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचं लोणी आयुष्यात पहिल्यांदाच लोखंडाला चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल नदीला धुवायला निघाले, त्यात सायबही निघाला. तेरणेच्या उताराला मामंजींनी त्याला पोटापर्यंत पाण्यात उभा केला आणि गवताच्या बोळ्यानं अंग घासून घासून त्याला आंघोळ घातली. परत येताना बोनेटवर झूल, धुराड्याला गोंडे, गळ्यात म्हणजे जिथं गळा असावा तिथं घुंगरमाळ. तोरणाखालून सगळ्या बैलांच्या मागं सायब धडधडत गेला. गाव हसलं. मामंजींनी ते कौतुक समजून फेट्याचा शेमला सारखा केला. मी दारात त्याला ओवाळलं. कुंकू कुठं लावावं कळेना, तर मामंजी म्हणाले, "कपाळाला." गावातली दोन-तीन कुत्री मात्र दिवसभर सायबाच्या पुढच्या चाकांपासून हलली नाहीत.

पुढं पाऊस उघडला आणि रब्बीच्या ज्वारीला वाफसा आला. आमची रानं काळी. ओल आहे तोवरच बी पडलं पाहिजे, वरचा थर वाळून भेगाळला की बी पेरलं काय आणि उधळलं काय. मामंजींनी तिफण सायबाच्या मागं दोरखंडानं बांधली. आत्याबाई आणि मी मागं चाडं, म्हणजे तिफणीची बी सोडायची लाकडी वाटी, धरायला. बैलांच्या मागं चाडं चालत धरता येतं, सायबाच्या मागं ते पळत धरावं लागायचं. "मामंजी, हळू!" मी ओरडायची. ते सायबाला म्हणायचे, "हळू रं." सायब कुणाचं ऐकणार?

अर्धं रान पेरून झालं आणि उजवं पुढचं चाक करकरू लागलं. करकर वाढली, मग चाक आत तिरकं झालं, आणि सायब ढेकळात पाय मुडपून बसल्यासारखा बसला. जागा कुठली साधली म्हणाल, तर नेमकी बांधाजवळची. पलीकडं धाकटे मामंजी बैलांच्या तिफणीनं त्यांचं रान पेरत होते. त्यांनी बैल उभे केले, तंबाखूचा बार भरला आणि विचारलं, "दादा, सायबाच्या पायात काटा मोडला का काय?"

"इसावा देतोय," मामंजी म्हणाले. "तुझ्यासारखं जनावराला मारून काम घेत न्हाय मी."

लतीफला निरोप गेला. तो सायकलवरून आला, दगड-ओंडके लावून त्यानं पुढचा भाग उचलून धरला, चाक काढलं, हब खोलला. बोट आत घातलं, बाहेर काढलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मी आणि आत्याबाई भाकरी घेऊन तिथंच होतो.

"पाटील, हे ग्रीस कुठनं आणलं जी?"

"घरचंच हाय."

"घरचं ग्रीस?"

मामंजी आभाळातल्या घारीकडं बघू लागले. आत्याबाईंनी तोंड उघडलं, "लोणी हाय, लोणी! ताजं! लेकरांच्या भाकरीवर घालताना ह्यांचा हात आखडतो, आन् चाकात गोळाच्या गोळा."

"आन् हे पिवळं?"

"हळद," मामंजी म्हणाले. "खांदमळणी केली."

लतीफ इथल्याच मातीतला, त्याला खांदमळणी समजावून सांगावी लागली नाही. तो चाकाला टेकून खाली बसला. "या अल्ला! पाटील, खांदा बैलाला ऱ्हातो. हेला कुठला खांदा?"

"मग वजन कशावर पेलतंय ते? शेपटीवर?"

खरं सांगायचं तर मामंजींचा प्रश्न बरोबरच होता, उत्तर तेवढं लोण्याचं निघालं.

"आन् पानी कसं शिरलं इतकं?"

"पोळ्याला धुतला."

"कुठं?"

"नदीत. पोटाला लागंल इतक्याच पाण्यात. बुडवला न्हाय."

लतीफनं मग एकेक वस्तू काढून त्याच्या टॉवेलवर मांडली. बेरिंगचे छर्रे गंजून लाल झालेले, काही फुटलेले. ज्या खाचेत बेरिंग घट्ट बसायचं ती हबची खाच घासून सैल झालेली. सीलच्या जागी नुसती चार काळी लोंबं. डावं चाकही तसंच. त्यानं जुनं बेरिंग खिशात घातलं आणि म्हणाला, "सोलापूरला जाऊन आणतो. मिळालं तर परवा, न्हाय मिळालं तर अल्ला मालिक." आणि गेला.

परवा उलटला. तेरवाही. लतीफचा पत्ता नाही. मामंजी रोज सकाळी रानात जायचे, मूठभर माती घेऊन दाबायचे. पहिल्या दिवशी तिचा लाडू झाला. दुसऱ्या दिवशी लाडू झाला आणि फुटला. मग मुठीतून माती नुसती सांडायला लागली. ते हात झटकायचे, ढोकीच्या रस्त्याकडं बघायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, "अजून ओल हाय खाली." धाकट्या मामंजींचं पेरून झालं होतं. त्यांचे बैल गोठ्यात बसून रवंथ करत होते. गावात दुसऱ्या कुणाकडं मागावेत तर बाकी सगळ्यांचे बैल रानात, मोकळे ते तेवढेच. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलल्या त्या आत्याबाईच.

"फेटा पेरा मग रानात," त्या म्हणाल्या. "उगवला तर बघू."

मामंजींनी भाकरी पुढं सरकवली. उठले. डोक्यावरचा फेटा काढला, घडी न मोडता खुंटीला अडकवला आणि दाराकडं निघाले. मी म्हणाले, "मामंजी, फेटा राहिला." ते म्हणाले, "राहू दे. डोक्यावर असला तर उतरावा लागंल."

आत्याबाईंनी मला घागर दिली. "जा मागोमाग. पाण्याला चालल्यासारखी जा."

आता बघा, आमच्या गावात म्हातारा माणूस बोडक्या डोक्यानं रस्त्यानं निघतो तो एकाच कारणानं. पारावरची माणसं मामंजींना बघून उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही, तसं विचारत नाहीत. एकेक जण चपला काढून, डोक्यावरचं काढून त्यांच्या मागं चालू लागला. धाकट्या मामंजींच्या दारापर्यंत पोचेतो मागं निम्मं गाव, खाली मान घालून. मी घागर घेऊन सगळ्यांच्या मागं. सासऱ्यांपुढं, एवढ्या माणसांत, सुनेनं तोंड कसं उघडायचं?

धाकटे मामंजी ओट्यावर वेसणीची दोरी वळत बसले होते. त्यांनी भावाचं बोडकं डोकं बघितलं, मागची माणसं बघितली, आणि दोरी हातातून गळाली.

"दादा… कोण गेलं?"

मामंजींनी तोंड उघडलं. बैल हा शब्द काही बाहेर येईना. ते नुसते उभे राहिले, आणि त्या उभं राहण्यानं सगळा घोटाळा झाला.

"वहिनी? वहिनी का, दादा?" असं म्हणून धाकटे मामंजी मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आतून बायका धावत आल्या, त्यांनी हंबरडा फोडला. माणसांनी डोळ्यांना पंचे लावले. आत्याबाई तिकडं घरी भाकरी थापत होत्या.

"बेरिंग," मामंजी म्हणाले.

"आं?"

"बेरिंग गेलं. पुढल्या चाकाचं."

धाकट्या मामंजींनी धोतरानं डोळे पुसले, नाक पुसलं. "आसं सांगायला येत्यात का दादा? बोडक्या डोक्यानं? माझा जीव गेला असता की!"

"मग काय फेटा आणून तुझ्या उंबऱ्यावर ठेवायचा व्हता?"

धाकटे मामंजी उठले, गोठ्याकडं गेले, आणि बैलांची दावी सोडता सोडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी जित्ती हाय म्हणून सोडतोय. बैल मागितलं म्हणून न्हाय."

"मागितलं कुणी?" मामंजी म्हणाले.

उरलेलं अर्धं रान त्याच दिवशी पेरून झालं, खालची ओल खरंच अजून तग धरून होती. तिफण धाकट्या मामंजींनी हाकली, मामंजी बांधावर बसून त्यांच्या तासाला नावं ठेवत होते. आत्याबाईंना सगळी हकीकत मी घरी आल्यावर सांगितली. त्या म्हणाल्या, "भावजी माझ्यासाठी रडले. ह्यांनी मातर तोंड पाडलं ते बेरिंगासाठी."

पेरणी आटोपली आणि लतीफ बेरिंगं घेऊन उगवला. सोलापूरचा दुकानदार लग्नाला गेला होता म्हणे. काम मात्र त्यानं दिवसभर बसून, कौतुकानं केलं. सैल झालेल्या खाचेला त्यानं आतून पंचानं, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्यानं, ठोके मारून मारून खरबरीत केलं, तरी बेरिंग घट्ट बसेना, तेव्हा पातळ पत्र्याची पट्टी कापून तिथं गुंडाळली आणि मग ठोकून बसवलं. सील सोलापुरात मिळालं नव्हतं. "जाड नमदा पायजे, पाटील. लोकरीचा." मामंजींकडं पूर्वी घोडी होती, तिच्या खोगिराखालचा नमदा माळ्यावर पडलेला. लतीफनं त्याची दोन कडी कापली, गरम तेलात बुडवून ठेवली, आणि तेल पिऊन फुगली तशी हबच्या मागच्या खाचेत दाबून बसवली. "विलायतवाला बघंल तर म्हनंल, लतीफ, तू हितं काय करतोस?" असंही तोच म्हणाला. मग तळहातावर ग्रीस घेऊन ते बेरिंगच्या छर्ऱ्यांमधे दाबून दाबून भरलं. एक बेरिंग मामंजींनी हट्टानं आपल्या हातानं भरलं. लतीफनं आधी त्यांचे दोन्ही हात हुंगले, मगच भरू दिलं.

चाक चढवून नट आवळला, हातानं चाक फिरवून बघितलं, नट कणभर ढिला केला, खिळा घातला. मग मामंजींनी चाक धरून हलवलं. हललं नाही. त्यांचा चेहरा उजळला, लगेच पडला.

"मिस्त्री, पुढल्या पोळ्याला खांदमळणी कुठं करायची?"

लतीफ म्हणाला, "बाहिरनं करा की. पायजे तितकं लोणी लावा. टोपी मातर खोलू नका, तुमाला तुमच्या देवाची आन हाय, आन् माझ्या बी."

ती ज्वारी कापायला आली तेव्हा दोघा भावांनी नवं भांडण काढलं. एकाच रानात अर्धी पेर सायबाची, अर्धी बैलांची. मामंजी म्हणायचे सायबाच्या बाजूचं कणीस भरदार, धाकटे मामंजी म्हणायचे बैलांच्या बाजूचं. मी दोन्हीकडची कणसं स्वतः खुडली आहेत, सारखीच होती, पण हे दोघांपैकी कुणाला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी मुद्दाम अर्धं-अर्धंच पेरायला सुरुवात केली. आमचं अर्धं रान धाकट्यांचे बैल पेरायचे, त्यांचं अर्धं आमचा सायब. कुणी कुणाला मागितलं नाही. सुगी झाली की धाकटे मामंजी दोन्हीकडची कणसं घेऊन आमच्या ओसरीवर यायचे, आणि दोघांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. आत्याबाई गेल्या त्या वर्षीही, तेरावा झाल्यावर, भांडण झालंच. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पुढं मामंजी थकले. ओसरीवरच्या बाजेवरून त्यांचं उठणं कमी झालं. त्या सुगीत धाकटे मामंजी नेहमीसारखे आले, कणसं बाजेवर मांडली, आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, ह्या साली आमच्याच बैलांची ज्वारी!" मी आत पीठ मळत होते. उत्तर ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं धाकटे मामंजी पुन्हा म्हणाले, आवाज जरा उतरलेला, "बरं, तुमच्या सायबाची चांगली. मानलं. लई चांगली." मामंजींनी नुसती मान हलवली असावी.

धाकटे मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले. खोकल्याशिवाय, खाकरल्याशिवाय ते त्या दारात कधी आले नव्हते. हातात कणीस तसंच होतं.

"सुनबाई," ते म्हणाले, "ढोकीच्या डाक्टरला सांगावा धाडा. दादा भांडंनात."